बारावी आर्ट्स, वय ३९, डायलिसिस टेक्निशियन व्हायचंय. पंच्याऐंशी हजार भरू का?

लालमाती (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायला पहिल्यांदाच बसलेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी डिचोली तालुक्यातली, घर खाणपट्ट्यातलं. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा नवऱ्याचा ट्रक दारात उभा राहिला. मधे पुन्हा सुरू झाल्या तसा थोडा हलला, २०१८ ला परत थांबला आणि शेवटी भंगाराच्या भावात गेला. आता तो दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. मी घरीच. शिवणकाम आणि गृह आधार या सरकारी योजनेचे महिन्याला दीड हजार. मुलगा दहावीत.

सासूबाईंना किडनीचा आजार होता. शेवटची सव्वादोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नेणारी-आणणारी मीच. चार तास बाहेरच्या बाकावर बसून काढायचे. पहिले दोन महिने रडण्यात गेले, मग हळूहळू आत काय चाललंय ते बघायला लागले. हाताच्या फिस्टुलावर (डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडतात ती जागा) बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं, ठाऊक आहे ना? ते रोज सकाळी तपासणं माझ्याकडे होतं. एकदा घुरघुर लागली नाही. चहा तसाच गॅसवर टाकून त्यांना घेऊन निघाले. वेळेत पोचलो म्हणून तो फिस्टुला वाचला. त्या गेल्या वर्षी चवथीच्या आधी गेल्या.

तिथला टेक्निशियन मुलगा म्हणायचा, "वहिनी, तुम्ही कोर्स करा, अर्धं तर तुम्हाला येतंच." ते डोक्यात बसलंय. आता इथल्या एका खाजगी संस्थेत चौकशी केली. एक वर्षाचा डायलिसिस डिप्लोमा, फी ८५,०००, नोकरीची शंभर टक्के हमी. शनिवारपर्यंत २५,००० भरले तर दहा टक्के सूट. माझी बारावी आर्ट्समधून झालीय, तर ते म्हणाले, चालतं.

भरू का? आणि या वयात हे वेड्यासारखं आहे का, तेही स्पष्ट सांगा.

---

उंडो (सोमवार, रात्री १०:५२)

रुमाल टाकून ठेवतो. "शंभर टक्के हमी" ऐकलं की माझा डावा डोळा फडफडतो.

---

टेस्टट्यूब (सोमवार, रात्री ११:२०)

ताई, शनिवारपर्यंत एक रुपयाही भरू नका. बाकीचं सवकाश बोलू.

मी मडगावला लॅबमध्ये आहे, चौदा वर्षं झाली. "बारावी कुठलीही चालते" म्हणणाऱ्या संस्थांची मुलं आमच्याकडे नोकरी मागायला येतात. हातात लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, त्यावर सोनेरी शिक्का, आणि सुई कशी धरायची ते माहीत नाही. त्यांचा दोष नाही. वर्षभर प्रोजेक्टरवर शिकवलं, रबराच्या हातावर दहा वेळा टोचायला दिलं, झालं. रबराचा हात ओरडत नाही, हलत नाही, त्याची शीर सरकत नाही.

माझा स्वतःचा पहिला पेशंट सांगतो. साधारण सत्तरीच्या बाई, हात वाळलेल्या काडीसारखा. पट्टा बांधला आणि शीर शोधत बसलो. पट्टा एका मिनिटाच्या वर ठेवायचा नसतो हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण बोटांना अजून कळलेलं नव्हतं. तीन मिनिटं झाली असतील. कसंबसं रक्त आलं, मी सिरिंज जोरात खेचली, ट्यूबमध्ये दाबून सोडली. तपासणीत पोटॅशियम इतकं वर की डॉक्टरांचा फोन आला. पेशंटला काही झालेलं नव्हतं. मी रक्तपेशी फोडल्या होत्या आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं होतं, इतकंच. सीनियरने दुसऱ्यांदा रक्त काढलं, त्या बाईंनी निमूट हात पुढे केला आणि मला म्हणाल्या, "जावं दी पुता, शिकतलो तूं." त्या दिवशी घरी जेवलो नाही.

हे सांगतोय कारण विचारायचा खरा प्रश्न फीचा नाहीच. प्रशिक्षण कुठल्या हॉस्पिटलात, किती तास, आणि शेजारी उभा राहून शिकवणारा कोण? याचं लेखी उत्तर मिळत नसेल तर तो कोर्स नव्हे, प्रिंटिंग प्रेस.

---

कलम_कसाई (मंगळवार, सकाळी ७:०५)

सवयीप्रमाणे कायद्यात घुसतो, माफी असावी.

२०२१ साली संसदेने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्ससाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. लॅब, रेडिओलॉजी, ऑपरेशन थिएटर, फिजिओथेरपी, आहार, नेत्रतपासणी, डायलिसिस, मेडिकल रेकॉर्ड अशी सगळी मंडळी दहा गटांत घातली. तोवर डॉक्टरांना कौन्सिल होतं, नर्सना होतं, फार्मासिस्टना १९४८ पासून होतं, या बाकीच्यांना देशपातळीवर काहीच नव्हतं. म्हणून तर गल्लोगल्ली डिप्लोमे निघाले.

त्या कायद्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल कोण, याची व्याख्या आहे: किमान २००० तासांचं शिक्षण, तेही दोन ते चार वर्षांत पसरलेलं. एक वर्षाचा डिप्लोमा त्यात बसत नाही. उद्या राज्याच्या रजिस्टरमध्ये नाव घालायची वेळ आली तर हा कागद दाखवून काय होणार, हे संस्थेला विचारा. "नवीन नियम अजून लागू नाही हो मॅडम" असं म्हणतील. तुमची नोकरी पुढची वीस वर्षं चालायची आहे, त्यांचा हप्ता शनिवारपर्यंतचा.

---

उंडो (मंगळवार, सकाळी ७:३१)

कलमराव, सकाळी सातला व्याख्या? पाव तरी येऊ द्या.

---

पाणवठा (मंगळवार, सकाळी ९:१५)

स्पष्ट मत मागितलंय म्हणून लिहिते, राग नसावा. चाळिशीला आलेल्या बाईने दोन-तीन वर्षं शिकून मग बावीस वर्षांच्या पोरींच्या रांगेत उभं राहायचं? कोण घेणार? त्यापेक्षा शिवणकाम वाढवा. चवथीच्या हंगामात आमच्या इथल्या शिंपिणीला श्वास घ्यायला फुरसत नसते. प्रत्येकाने टेक्निशियनच व्हावं असं कुठे लिहिलंय?

---

साळ_नदी (मंगळवार, सकाळी ११:४८)

@पाणवठा, मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले. कोणी घेतलं नाही असं झालं नाही.

आधी सोळा वर्षं हॉटेलात हाउसकीपिंग केलं. सीझन संपला की "पावसाळ्यानंतर बोलावतो" ऐकायचं. कोविडमध्ये बोलावणंच आलं नाही. मग जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे जीडीएचा कोर्स केला, सरकारी कौशल्य योजनेतून. पेशंटला कूस बदलून देणं, अंथरुणावर असतानाच चादर बदलणं, बेडपॅन, तोंड धुणं, ताप-नाडी लिहिणं, कुठला कचरा कुठल्या पिशवीत. चादर बदलायला शिकवायला बाई उभ्या राहिल्या तेव्हा मला हसू आलं. सोळा वर्षांत किती हजार चादरी घातल्या त्याला गणती नाही. पण चादरीवर माणूस झोपलेला असताना ती बदलायची म्हणजे वेगळं काम. त्याला कुशीवर वळवायचं, अर्धी चादर गुंडाळून पाठीशी सरकवायची, परत दुसऱ्या कुशीवर. सुरकुती राहिली तर तिथेच कातडी सोलवटते. हॉटेलात सुरकुती राहिली तर सुपरवायझर ओरडायचा, इथे पेशंटला जखम होते.

आता फातोर्ड्याच्या बाजूला एका आजोबांकडे दिवसपाळी करते. मुलं परदेशात. मला हातात सोळा हजार येतात, दुपारचं जेवण तिथेच. श्रीमंत झाले नाही. पण पावसाळ्यात घरी बसवत नाहीत.

तरण्या पोरी हुशार असतात, खरंच असतात. पण म्हाताऱ्या माणसाचा हात धरून पाच मिनिटं गप्प बसणं माझ्या वयाच्या बाईला सोपं जातं. घरचे लोक तेच बघतात.

---

कलम_कसाई (मंगळवार, दुपारी १२:२०)

साळ ताईंबद्दल आदर आहेच. पण घोटाळा नको म्हणून सांगतो, जीडीए म्हणजे टेक्निशियन नव्हे. तो सहायकाचा कोर्स, काही महिन्यांचा. दोन हजार तास सहा महिन्यांत बसवायचे तर आठवड्याला सत्त्याहत्तर तास शिकावं लागेल.

---

साळ_नदी (मंगळवार, दुपारी १२:२६)

मी कुठे म्हटलं टेक्निशियन आहे? सहायकच आहे. तुमच्या वडिलांची कूस बदलायला कायदा येणार नाही, मीच येणार.

---

उंडो (मंगळवार, दुपारी १२:२८)

🍿 जागा धरली.

---

चार_तास (मंगळवार, रात्री ११:५५)

आत्ता ड्यूटीवरून आलो. धागा दिसला म्हणून झोप बाजूला ठेवली, कारण मी डायलिसिस टेक्निशियन. हॉस्पिटलचं नाव नको, उत्तर गोव्यात आहे एवढं पुरे.

लालमाती वहिनी, बाकावरून जे दिसतं ते खरं आहे, पण अर्धं आहे. पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या दीड तास आधी आम्ही येतो. पहिलं काम पेशंटचं नाही, पाण्याचं. मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मिली डायलिसेट, म्हणजे रक्त साफ करणारं पाण्याचं द्रावण, जातं. चार तासांचं गणित करा: १२० लिटर. तेवढं पाणी एका पातळ पडद्यापलीकडून एका माणसाच्या रक्ताला लागून जातं. आपण महिन्याभरात जेवढं पाणी पितो त्याहून जास्त. त्यात क्लोरीन राहिलं तर रक्तपेशी फुटतात. म्हणून आरओ प्लांटचं पाणी रोज तपासायचं, वहीत सही करायची. पावसाळ्यात नळाला तांबडं पाणी आलं की आमच्या पोटात गोळा.

मग वजन. मागच्या वेळेपासून किती वाढलं, आज किती पाणी काढायचं. प्रत्येक पेशंट म्हणतो, "काहीच प्यालो नाही." काटा वेगळंच सांगतो. एक काका आहेत, त्यांना सोलकढी सुटत नाही. ते काट्यावर चढायच्या आधीच हसतात.

आणि मग तिसऱ्या तासाला पेशंटचं ब्लड प्रेशर पडतं. माणूस बोलता बोलता जांभई देतो, कपाळाला घाम, आणि शब्द अडखळतात. तेव्हा पाणी काढणं थांबवायचं, डोकं खाली, पाय वर, सलाइन. विचार करायला वेळ नसतो. ही जांभई ओळखायला मला आठ महिने लागले, आणि ते फक्त मशीनशेजारी उभं राहून. एक वर्षाच्या कोर्सात हॉस्पिटलची पोस्टिंग किती? त्या संस्थेला हाच प्रश्न विचारा.

दुसरं. रविवारच्या सुट्टीवर आणि सणांवर पाणी सोडा. पेशंटला चवथ कळत नाही. मी तीन वर्षं गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बांधलेली बघितलेली नाही, थेट विसर्जनालाच पोचतो. हिपॅटायटिस बीचे तीन डोस (शून्य, एक, सहा महिने) घेतल्याशिवाय मशीनजवळ जाऊ नका, कोणी विचारो न विचारो.

पण काम आहे. केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ ला आला, तेव्हापासून जिल्हा हॉस्पिटलांतून खुर्च्या वाढल्या. खुर्ची वाढली की माणूस लागतोच.

---

लालमाती (बुधवार, सकाळी ६:१०)

@चार_तास, ती जांभई मी बघितलीय. सासूबाईंना यायची. मला वाटायचं, कंटाळल्या.

सगळ्यांचे आभार. आता मुख्य प्रश्न असा, की आर्ट्सवाल्यांना दोन वर्षांच्या खऱ्या डिप्लोमाला घेतात का? आणि एएनएम, म्हणजे सहायक नर्सचा कोर्स केला तर?

---

टेस्टट्यूब (बुधवार, सकाळी ८:३०)

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) काय, डायलिसिस काय, रेडिओग्राफी काय, साधारणपणे बारावी सायन्स मागतात, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीसह. "चालतं" म्हणणारा माणूस तुमचा फायदा बघत नाहीये.

---

कलम_कसाई (बुधवार, सकाळी ८:४१)

एएनएमला आर्ट्स चालतं, पण प्रवेशाला वयाची कमाल मर्यादा ३५. चार वर्षांनी हुकलं. आणि नर्सिंग या २०२१ च्या कायद्यात येत नाही, त्यांचं वेगळं. फार्मसीही वेगळी.

---

काजूबी (बुधवार, सकाळी १०:०२)

दार बंद नाहीये पण. एनआयओएस आहे ना! राष्ट्रीय मुक्त विद्यालय. माझ्या नणंदेने तिथूनच केलं. बारावी आधी झालेली असली तरी तिथे हवे तेवढेच विषय वेगळे घेऊन देता येतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. वयाची वरची अट नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदम तिन्ही देण्याची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. प्रॅक्टिकलं मात्र केंद्रावर जाऊन करावीच लागतात, तिथे सूट नाही.

फक्त ज्या कॉलेजात पुढे जायचंय तिथे आधी विचारून घ्या, असे वेगळे घेतलेले विषय ते धरतात की पूर्ण नवी बारावी मागतात. नणंदेला हे नंतर कळलं आणि एक सत्र फुकट गेलं.

---

स्विंडनचो_पाव (बुधवार, दुपारी ३:३०)

इतकं शिकायचं कशाला? केअरगिव्हरचा कोर्स करा आणि इकडे या. इंग्लंडमध्ये आमच्या स्विंडनला अर्धा साष्टी भेटेल. माझी बायको केअर होममध्ये आहे, पाउंडात कमावते.

---

कलम_कसाई (बुधवार, दुपारी ३:५२)

पात्रांव, तुमच्या घरी पोर्तुगीज पासपोर्ट असणार. ताईंकडे नाही. बाहेरच्या देशांतून केअर वर्कर घेण्याचा व्हिसा तुमच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये बंद केला. त्या नावावर अजूनही पैसे उकळणारे एजंट फिरतायत, म्हणून ठळक सांगतो.

---

स्विंडनचो_पाव (बुधवार, दुपारी ४:१०)

हां, ते खरं आहे. पासपोर्ट आजोबांच्या कृपेने.

---

मांडवीकाठ (बुधवार, रात्री ९:०५)

थोडं अवांतर. आपल्या पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली १८४२ साली. एस्कोला मेदिको-सिरुर्जिका. नंतर त्याचंच गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि पुढे ते बांबोळीला गेलं. ज्या जुन्या इमारतीत आता इफ्फी या चित्रपट महोत्सवाची लगबग असते तिथे माझ्या वडिलांचं अपेंडिक्स काढलं होतं. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ आपण डॉक्टर घडवतोय, आणि त्या डॉक्टरच्या शेजारी उभं राहणाऱ्याला अजून "तो मशीनवाला पोरगा" म्हणतो. घरात कोणी विचारलं मुलगा काय करतो, तर "हॉस्पिटलात आहे" म्हणून विषय संपवतात.

---

चार_तास (बुधवार, रात्री ११:४०)

मशीनवाला पोरगा हजर. माझी आई अजून शेजाऱ्यांना "डॉक्टरांच्या हाताखाली" सांगते. मी थांबवत नाही, लग्न व्हायचंय माझं.

---

घाटमाथा (गुरुवार, सकाळी ८:००)

घरबसल्या दूरस्थ पद्धतीने पदवी घ्या ना, शेकडो विद्यापीठं आहेत. कशाला धावपळ.

---

कलम_कसाई (गुरुवार, सकाळी ८:१२)

यूजीसीने ऑगस्ट २०२५ मध्येच सांगितलं, की त्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवता येणार नाहीत. मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, आहारशास्त्रसुद्धा त्यात आलं. रक्त घरबसल्या काढता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

---

काजूबी (गुरुवार, सकाळी ९:२०)

इग्नू मुक्त विद्यापीठाची फ्लेबॉटॉमी (रक्त काढणारा) असिस्टंट आणि होम हेल्थ असिस्टंटची सहा महिन्यांची सर्टिफिकेटं होती, त्यात हॉस्पिटलची हजेरी धरलेली. पणजीच्या प्रादेशिक केंद्रात जाऊन विचारा, या सत्राला प्रवेश उघडा आहे का. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जा.

---

शिरोडा_एक्सप्रेस (गुरुवार, सकाळी ११:००)

सरकारी नोकरीचं कोणीच बोलेना? पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कोकणी यायला हवी, मराठी आलं तर उत्तम. वयाची मर्यादा जाहिरातीत बहुधा ४५. ताई ३९. सायन्सचे विषय एक-दीड वर्ष, डिप्लोमा दोन वर्षं, म्हणजे ४३. जागा निघून परीक्षा होईतो ४४. काठावर आहे, पण आहे.

---

वडाचं_झाड (गुरुवार, सकाळी ११:१५)

कोकणी सक्तीची आणि मराठी "उत्तम"! हेच तर वर्षानुवर्षं

---

संपादक (गुरुवार, सकाळी ११:१९)

भाषावादाचा धागा वेगळा आहे, तिथे चार हजार प्रतिसाद आहेत. इथे नको. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

---

उंडो (गुरुवार, सकाळी ११:२२)

काडी पेटायच्या आधीच पाणी. आरओचं होतं का?

---

पाणवठा (गुरुवार, दुपारी २:३०)

माझं पहिलं वाक्य जरा टोचलं असेल. पण कोणी हिशेब मांडत नाहीये म्हणून पुन्हा लिहिते. साडेतीन वर्षं बाईची कमाई शून्य, वर फी, डिचोलीहून म्हापसा-पणजी रोजचं बसभाडं, मुलगा बारावीला पोचेल तेव्हा त्याचा क्लास. शिकायला नको म्हणत नाही. साडेतीन वर्षं घर कशावर चालणार, एवढंच विचारतेय.

---

साळ_नदी (गुरुवार, रात्री ८:४०)

@पाणवठा, हे बोललात ते पटलं. म्हणून माझं मत असं की आधी सहायकाचं काम धरावं. पगार सुरू होतो, हॉस्पिटलचा वास अंगाला लागतो, रात्रपाळी झेपते का कळतं. सोबत एनआयओएसचे विषय काढावेत. मी माझ्या वेळी हा विचार केला नाही, कोणी सांगितलाच नाही. आमच्याच बॅचची एक मुलगी असं करून आता ओटी टेक्निशियनचा कोर्स करतेय.

आणि ज्या बाया दहा-बारा वर्षं आया म्हणून काम करतायत पण कागद नाही, त्यांना आधीच्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायची सोय त्याच कौशल्य योजनेत होती. त्याचीही चौकशी करा, तुमच्या सव्वादोन वर्षांचं काही होतंय का.

---

टेस्टट्यूब (गुरुवार, रात्री ९:१५)

घरच्या माणसाची सेवा त्यात धरतील असं वाटत नाही. पण साळ ताईंचा मार्ग मला आवडला. मीही लॅबमध्ये आधी बाटल्या धुवायला होतो, हे इथे कधी लिहिलं नव्हतं.

---

लालमाती (तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००)

धागा वर आणते.

त्याच शनिवारी त्या संस्थेत गेले होते. पैसे न्यायचे नव्हते, तुमचे प्रश्न कागदावर लिहून नेले. पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलात? "टाय-अप आहे." कुठल्या? "ते बॅच सुरू झाल्यावर कळवतो." किती तास? काउंटरवरचा मुलगा आत जाऊन आला आणि म्हणाला, मॅडम, एवढं कोणी विचारत नाही. राष्ट्रीय आयोगाचं विचारलं तर आतले सर स्वतः बाहेर आले आणि सूट वीस टक्के झाली. मी पाणी पिऊन निघाले.

मग चार_तास यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे एका दोन वर्षांच्या कोर्सवाल्या कॉलेजात जाऊन आले. तिथल्या बाईंनी नीट सांगितलं. वेगळे घेतलेले विषय ते धरतात, पण तिन्ही पास हवेत, आणि प्रॅक्टिकलसह. पुढच्या वर्षीचं माहितीपत्रक निघालं की परत येऊन खात्री करा म्हणाल्या. ते मी करणार.

एनआयओएसचा अर्ज भरला. पहिल्यांदा बायोलॉजी आणि केमिस्ट्री. फिजिक्सला मी घाबरते. मुलाने दहावीचं पुस्तक समोर ठेवलं, भिंगाचा धडा काढला आणि मला आकृती काढायला लावली. बाण उलटा आला म्हणून पुन्हा काढायला लावली. मी त्याला पाढे शिकवताना जशी बोलायचे अगदी त्याच आवाजात म्हणाला, "घाई नको, परत बघ."

कामाचं अजून जमलेलं नाही. साखळीच्या बाजूला एका आजींसाठी दुपारची बाई हवी आहे असं कळलंय, उद्या जाऊन बघते. साळ ताई, किती पैसे सांगायचे ते कळवाल का? मला मागायला जमत नाही.

---

साळ_नदी (रविवार, दुपारी ४:२२)

फोन करते संध्याकाळी. आधी त्या आजी चालतात की अंथरुणावर आहेत ते विचारा, त्यावर आकडा ठरतो. आणि घरातल्यांचे कपडे, भांडी, स्वयंपाक यांतलं काय तुमच्याकडे येणार ते पहिल्याच दिवशी बोला. नंतर बोलता येत नाही.

---

पाणवठा (रविवार, दुपारी ५:०५)

माझ्या सुनेची बारावी सायन्सची बायोलॉजी-केमिस्ट्रीची पुस्तकं आहेत. पिवळी पडलीत, पण गोवा बोर्डाने एनसीईआरटीचीच लावली होती, त्यामुळे उपयोगाची आहेत. डिचोली बस स्टँडवर पोचवते. बुधवारी चालेल?

---

लालमाती (रविवार, दुपारी ५:१०)

चालेल. मी निळी छत्री घेऊन उभी राहीन.

---

टेस्टट्यूब (रविवार, रात्री १०:३०)

केमिस्ट्रीत टायट्रेशन आलं की मला कळवा. गुलाबी रंग एका थेंबात येतो आणि सगळे तो चुकवतात. शनिवारी दोननंतर लॅब रिकामी असते.

---

उंडो (रविवार, रात्री १०:४४)

आणि फिजिक्सला पोरालाच फी द्या. दहा टक्के सूट मागून.